म्युच्युअल आणि रेसिप्रोकल : दोन्हीकडे "परस्पर" लिहून भागतं का?

मसुदाकार
एका करारनाम्याचं मराठी करायचं आहे. एका कलमात "म्युच्युअल ऑब्लिगेशन्स" आहे आणि दोन ओळी खाली "रेसिप्रोकल ऑब्लिगेशन्स". कोश उघडला तर दोन्हींपुढे परस्पर, अन्योन्य, एकमेकांचे अशी एकच रांग. लिहिणाऱ्याने पुनरुक्ती टाळायला शब्द बदलला असं समजून दोन्हीकडे "परस्पर" ठोकून द्यावं, की अर्थात खरंच फरक आहे? असेल तर मराठीत तो दाखवायचा कसा? शिवाय गणितातला रेसिप्रोकल काही तिसराच दिसतो, त्याचा याच्याशी काही संबंध? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बॅटऱ्या घेऊन आलेल्यांचंही स्वागत.

तिरकस_तीन
पहिला प्रतिसाद माझा. आता माझ्या धाग्यावर येऊन तुम्ही प्रतिसाद दिलात की झालं रेसिप्रोकल.

शब्दखोर
फरक आहे, आणि तो मुळापासून आहे.

रेसिप्रोकलचं मूळ लॅटिन रेसिप्रोकस: गेलेल्या वाटेने परत येणारं, मागेपुढे होत राहणारं. भरती-ओहोटीच्या पाण्याला रोमन लोक हे विशेषण लावत. म्हणजे मूळ चित्र हालचालीचं आहे, आधी एक दिशा, मग तिची उलट.

म्युच्युअल आला म्यूतुसवरून. अर्थ उसना, अदलाबदलीचा. रोमन कायद्यात म्यूतूम नावाचा कर्जाचा एक प्रकारच होता. धान्य, तेल, नाणी अशा मोजूनमापून द्यायच्या वस्तू न्यायच्या आणि तेवढ्याच, त्याच जातीच्या परत करायच्या. नेलेली वस्तू जशीच्या तशी परत करायचा प्रकार वेगळा, त्याला कोमोदातूम म्हणत. आपल्याकडे वाटीभर पीठ उसनं नेतात ते म्यूतूम, आणि शिडी मागून नेतात ते कोमोदातूम.

मुळात दोन्ही शब्द देवघेवीचेच आहेत. आज मात्र म्युच्युअल "दोघांकडे सारखंच असलेलं" या बाजूला सरकलाय आणि रेसिप्रोकल "एकाने केलं त्याला दुसऱ्याचं उत्तर" या बाजूला. क्रियापद करून बघा. रेसिप्रोकेट हे एकटा माणूस करतो: त्याने मदत केली, मी रेसिप्रोकेट केलं. म्युच्युअलचं असं वापरातलं क्रियापदच नाही, कारण ती कृती नसून दोघांमधली स्थिती आहे. म्युच्युअल म्हणजे एक गोष्ट दोघांची, रेसिप्रोकल म्हणजे दोन गोष्टी उलटसुलट दिशांच्या.

दीडशहाणी
@शब्दखोर, "एक गोष्ट दोघांची" हे पटलं नाही. म्युच्युअल हेट्रेडमध्ये द्वेष किती? याचा त्याच्यावर आणि त्याचा याच्यावर, म्हणजे चांगले दोन. म्युच्युअल रिस्पेक्टचंही तेच.

शब्दखोर
बरोबर, गोष्टी मोजून भागत नाही. असं बघा: दुसरी गोष्ट पहिलीवर अवलंबून आहे का? दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात, पण एकाने पाहणं थांबवलं तरी दुसरा थांबेलच असं नाही. योगायोगानेही द्वेष म्युच्युअल असू शकतो. रेसिप्रोकलमध्ये दुसरी गोष्ट पहिलीच्या टेकूवर उभी असते. टेकू काढला की ती कोसळते.

कलमबहाद्दर
वर टेकू म्हटलंय ना, कायद्यात नेमका त्यालाच भाव आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये कलम २(च) ला रेसिप्रोकल प्रॉमिसेसची व्याख्या आहे: जी वचने एकमेकांचा मोबदला किंवा मोबदल्याचा भाग असतात ती. नुसती दोन्ही बाजूंनी दिलेली नव्हेत, एकमेकांच्या मोबदल्यात दिलेली.

परिणाम पुढच्या कलमांत दिसतात.

कलम ५१: दोन्ही वचने एकाच वेळी पुरी करायची असतील, तर समोरचा आपलं वचन पाळायला तयार नसेल तोवर तुमच्यावर पाळण्याचं बंधन नाही. रोखीच्या व्यवहारात तो पैसे द्यायला तयार नसेल तर तुम्ही माल सोडायचं कारण नाही.

कलम ५२: क्रम करारात लिहिलेला असेल तर तो पाळायचा. नसेल तर व्यवहाराच्या स्वरूपावरून ठरतो. भांडणं बहुतेक इथेच होतात, कारण क्रम लिहायचा राहून गेलेला असतो.

कलम ५४: एकाचं वचन आधी पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याचं पुरं होऊच शकत नसेल आणि पहिल्यानेच कच खाल्ली, तर त्याला दुसऱ्याकडून काही मागता येत नाही, उलट भरपाई द्यावी लागते. अधिनियमातलं उदाहरण जहाजाचं आहे. कलकत्त्याहून मॉरिशसला माल न्यायला एकाने जहाज भाड्याने ठरवलं, माल त्यानेच पुरवायचा होता, तो दिलाच नाही. मग "जहाज का सोडलं नाहीस" असं तो विचारू शकत नाही.

म्युच्युअल ऑब्लिगेशनचं नेहमीचं उदाहरण गोपनीयतेचं. बंधन दोघांवर सारखं, पण एकाने गुपित फोडलं म्हणून दुसऱ्याला फोडायची मोकळीक आपोआप मिळत नाही. तेव्हा मसुदाकार, करारात वेगळा शब्द दिसला की वेगळा अर्थ असणार असं धरूनच वाचायचं. दोन्हीकडे "परस्पर" लिहिलंत तर कलम ५१ चा सगळा जोर अनुवादात गळून जाईल.

तिरकस_तीन
थोडक्यात, म्युच्युअलमध्ये दोघंही अडकलेले. रेसिप्रोकलमध्ये "आधी तू, मग मी".

ओळखीचा_चेहरा
"परस्पर" वर कुणी बोललंच नाही अजून. खरा सापळा तिथे आहे.

मराठीत परस्परचे दोन अर्थ आहेत आणि ते जवळजवळ उलटे आहेत. विशेषण म्हणून, समासात किंवा विभक्ती लावून आला की "एकमेकांचा": परस्पर संमती, परस्परसंबंध, परस्परांचे हक्क. सुटा क्रियाविशेषण म्हणून आला की "मध्ये कुणाला न विचारता, थेट": त्याने परस्पर पैसे उचलले, माल परस्पर विकला, तो स्टेशनवरून परस्पर घरी गेला. पहिल्यात दुसरा माणूस हवाच, दुसऱ्यात त्याला वगळलेलं.

आता "द पार्टीज शॅल म्युच्युअली डिसाइड" चं "उभय पक्ष परस्पर निर्णय घेतील" असं मराठी केलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की जो तो दुसऱ्याला अंधारात ठेवून निर्णय घेऊन टाकणार. "परस्परांच्या संमतीने", "आपसांत ठरवून" किंवा "उभयतांच्या विचाराने" असं लिहावं. परस्परच्या मागेपुढे संमती, सहकार्य, संबंध असं नाम नसेल आणि लगेच क्रियापद येत असेल, तर तो शब्द काढा.

दीडशहाणी
"भांडण परस्पर मिटवलं" यात तर दोन्ही अर्थ बसतात. दोघांनी आपसांत मिटवलं, किंवा तिसऱ्याच कुणी दोघांना न विचारता मिटवलं. हे वाक्य जपून ठेवते.

गणिती_मास्तर
गणिताचं विचारलंय म्हणून. शालेय पुस्तकांत रेसिप्रोकल म्हणजे गुणाकार व्यस्त. दोन संख्यांचा गुणाकार १ आला की त्या एकमेकींच्या गुणाकार व्यस्त. ३/५ ची ५/३, आणि ५/३ ची पुन्हा ३/५. जाऊन त्याच वाटेने परत येणं इथेही आहे, म्हणून नाव तेच.

विद्यार्थी हमखास चुकतात त्या जागा: एक, चिन्ह बदलतात. −३/५ ची व्यस्त −५/३ च, चिन्ह बदललं तर गुणाकार −१ येईल. दोन, २ पूर्णांक १/३ चा फक्त अपूर्णांक उलटा करून २ पूर्णांक ३ लिहितात. आधी ७/३ करा, मग ३/७. तीन, शून्याची व्यस्त शोधत बसतात. शून्याला कशानेही गुणलं तरी १ येत नाही, त्यामुळे ती नाहीच.

टक्केवारीत याचा फार उपयोग होतो. किंमत २५ टक्क्यांनी वाढली तर मूळ किमतीवर यायला २५ टक्के कमी करून चालत नाही. वाढ म्हणजे १.२५ ने गुणणं, १.२५ ची व्यस्त ०.८, म्हणजे २० टक्के घट. ही एक ओळ कळली तर सूट आणि कर यांतले निम्मे घोळ मिटतात.

गणितातला म्युच्युअल वेगळा. संभाव्यतेत म्युच्युअली एक्सक्लुझिव म्हणजे परस्पर अपवर्जी घटना, एक घडली की दुसरी घडू शकत नाही. याला "स्वतंत्र घटना" समजण्याची चूक फार जुनी आहे. उलट, शून्य नसलेली संभाव्यता असणाऱ्या दोन घटना परस्पर अपवर्जी असतील तर त्या स्वतंत्र असूच शकत नाहीत, कारण एक घडल्याचं कळताच दुसरीची शक्यता शून्य होते.

पिस्टन
रेसिप्रोकेटिंग पंप, रेसिप्रोकेटिंग इंजिन. दट्ट्या पुढे जातो, त्याच रेषेत मागे येतो. इथे नातंबितं काही नाही, लॅटिन अर्थ सरळ उचललाय. मराठीत "पश्चाग्र गती" असा पारिभाषिक शब्द वाचला असेल, पण कारखान्यात तो म्हणून दाखवणाऱ्याला चहा माझ्याकडून.

दिशाहीन
नकाशावाल्यांकडे रेसिप्रोकल बेअरिंग असतं, बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन. तुमच्यापासून मनोरा ०७० अंशांवर असेल तर मनोऱ्यापासून तुम्ही २५० अंशांवर. १८० पेक्षा कमी असेल तर १८० मिळवायचे, जास्त असेल तर वजा करायचे. विमानतळाच्या धावपट्टीला एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७ लिहिलेलं असतं ते यामुळेच. दिशेचे अंश दहाच्या पटीत, शेवटचं शून्य सोडून, त्यामुळे दोन टोकांत कायम १८ चा फरक. जोडीला डावी-उजवी धावपट्टी असेल तर अक्षरही उलटतं, कारण समोरून येणाऱ्याची डावी ही इकडून जाणाऱ्याची उजवी.

फोकस_हरवला
कॅमेऱ्यात तर दोन रेसिप्रोकल आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

एक, हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग भिंगाच्या नाभीय अंतराच्या व्यस्ताएवढा किंवा त्याहून जलद ठेवायचा. ५० मिलीमीटरला १/५०, २०० ला १/२००. सेन्सर लहान, दीडपट क्रॉपचा असेल तर ५० च्या जागी ७५ धरायचे, म्हणजे साधारण १/८०. हा ढोबळ आडाखा आहे. हात हलण्यापुरताच चालतो, समोरचं मूल पळत असेल तर उपयोग नाही.

दोन, फिल्मवाल्यांचं रेसिप्रोसिटी फेल्युअर. प्रकाश निम्मा केला आणि वेळ दुप्पट केली की परिणाम तोच, हा नियम. फिल्मवर साधारण सेकंदापलीकडे तो मोडायला लागतो. गणिताने ३० सेकंद येत असतील तर प्रत्यक्षात बरेच जास्त द्यावे लागतात. किती ते फिल्मगणिक वेगळं, तक्ता बघायचा. डिजिटल सेन्सरला ही भानगड नाही.

मसुदाकार
करारातून निघालो ते धावपट्टीवरून कॅमेऱ्यात पोचलो. चालू द्या, मजा येतेय.

उंबरठा
नात्यांबद्दलचा शब्द आहे आणि नातीच आली नाहीत! मानववंशशास्त्रात सेल्फ-रेसिप्रोकल नातेनामं असा प्रकार मानतात. मी तुला ज्या नावाने ओळखतो त्याच नावाने तू मला. इंग्रजीत कझिन आहे, सिब्लिंग आहे. मराठीत मात्र खाणच आहे: साडू, जाऊ, व्याही, विहीण, सवत. माझा साडू त्याच्या दृष्टीने मलाच साडू म्हणतो, जावेची मी जाऊच.

भाऊ मात्र तसा नाही. अमुक तमुकचा भाऊ असेल तर तमुक त्याची बहीण असू शकते. "भावंड" म्हटलं की दोन्हीकडून खरं. नणंद-भावजय, मामा-भाचा या जोड्या आहेत, दोन टोकांना दोन वेगळी नावं. त्यांनाही रेसिप्रोकल म्हणतात, पण एकाचं नाव कळलं की दुसऱ्याचं ओळखता येतं या अर्थाने.

गणिती_मास्तर
@उंबरठा, हाच सममित संबंध. "अ हा ब चा साडू" खरं असेल तर "ब हा अ चा साडू" खरंच. वर्गात सांगायला उत्तम उदाहरण, फक्त साडू म्हणजे काय ते आधी सांगावं लागतं हल्ली.

दीडशहाणी
व्याह्याचं गणित अर्धंच जमतं. मुलीचे वडील मुलाच्या आईला विहीण म्हणतील, पण ती त्यांना व्याही म्हणेल. पुरुष-पुरुष किंवा बाई-बाई असेल तरच शब्द तोच राहतो. आणि मेहुणा कसा विसरलात? बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा. पक्का दुतर्फी.

तिरकस_तीन
सवत हा म्युच्युअल की रेसिप्रोकल?

उंबरठा
शब्द रेसिप्रोकल, नवरा म्युच्युअल. आणि पुढे नको.

भावताव
नात्यांत साटंलोटं राहिलं. याची बहीण त्या घरात, त्यांची मुलगी या घरात. शब्दशः रेसिप्रोकल. पण आता बातम्यांत "अधिकारी-कंत्राटदारांचं साटंलोटं" असाच वापर उरलाय, म्हणून करारात चुकूनही लिहू नका.

व्यापाराबद्दल थोडं. १९४७ च्या गॅट या जकाती-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रस्तावनेत रेसिप्रोकल आणि म्युच्युअली हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत: जकाती कमी करण्यासाठी रेसिप्रोकल आणि म्युच्युअली अ‍ॅडव्हांटेजियस व्यवस्था. मसुदाकारांच्या प्रश्नाला याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही. रेसिप्रोकल म्हणजे तू सवलत दे, मी देतो. म्युच्युअली अ‍ॅडव्हांटेजियस म्हणजे त्यातून होणारा लाभ दोघांना. पहिला शब्द कृतीचा, दुसरा परिणामाचा.

अमेरिकेचा १९३४ चा रेसिप्रोकल ट्रेड अ‍ॅग्रीमेंट्स अ‍ॅक्ट हा जकाती एकमेकांच्या बदल्यात उतरवण्यासाठी होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याच देशाने रेसिप्रोकल टॅरिफ जाहीर केली ती चढवण्यासाठी. मराठी वृत्तपत्रांनी तिला "जशास तसे शुल्क" म्हटलं ते रोखाला धरून ठीक होतं, पण हिशेब तसा नव्हता. समोरचा देश किती जकात लावतो हे न पाहता त्या देशाशी असलेली व्यापारतूट भागिले तिथून होणारी आयात, त्याचं निम्मं, आणि किमान १० टक्के, असं ते सूत्र होतं. त्यामुळे ज्यांच्याशी अमेरिकेची तूट नव्हती त्यांनाही १० टक्के लागले. यात "तसे" कुठे आहे ते सांगा.

पानवेल
जीवशास्त्रातही हा भेद कामाचा आहे. म्युच्युअलिझममध्ये दोघांचा फायदा त्या संबंधातूनच होतो. उंबराच्या फुलांचं परागण विशिष्ट चिलटाएवढी गांधीलमाशी करते आणि तिची पिल्लं त्याच फळात वाढतात. रेसिप्रोकल आल्ट्रुइझम म्हणजे फेडीच्या भरवशावरचा परोपकार, ही कल्पना जीवशास्त्रज्ञ ट्रिव्हर्सने १९७१ मध्ये मांडली, त्यात आज एकाने झीज सोसायची आणि फेड नंतर कधीतरी. मधला काळ उधारीचा, म्हणून फसवणूक होऊ शकते आणि कोण फेडतो हे लक्षात ठेवावं लागतं. रक्तपिपासू वटवाघळं उपाशी साथीदाराला रक्त ओकून देतात, ते नेहमीचं उदाहरण.

आणि सिम्बायोसिस म्हणजे दोघांचा फायदा, हे चूक. वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारीने १८७९ मध्ये शब्द रूढ केला तो भिन्न जीवांनी एकत्र राहण्यासाठी. परजीवीही त्यात आले.

नवी_बॅच
काका-काकू लोक, म्युच्युअलचा आमचा वापर राहिला. फेसबुकवर म्युच्युअल फ्रेंड म्हणजे तुझ्या नि माझ्या दोघांच्या यादीतला तिसरा. ट्विटर किंवा इन्स्टावर "ती माझी म्युच्युअल आहे" म्हणजे मी तिला फॉलो करते, ती मला. तिसरा कुणी नाहीच. एकाच शब्दाचे दोन वेगळे अर्थ.

शब्दखोर
@नवी_बॅच, झकास. पहिला अर्थ खरं तर कॉमनचा, मराठीत "सामाईक": सामाईक मित्र, सामाईक भिंत. तिथे म्युच्युअल वापरू नये म्हणून इंग्रजीत शुद्धिवादी कित्येक पिढ्या भांडले आणि हरले. दुसरा अर्थ मुळाला धरून आहे. तुमची पिढी अजाणता शुद्धिवादी निघाली.

नवी_बॅच
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मसुदाकार
सगळ्यांचे आभार. असं लिहिलंय:

"गोपनीयतेचे बंधन उभय पक्षांवर सारखेच राहील. मालाचा पुरवठा करणे व रक्कम अदा करणे ही उभय पक्षांची एकमेकांस बांधील वचने होत."

कलमबहाद्दर
पहिलं वाक्य उत्तम. म्युच्युअलला "उभय" हा शब्द फार सोयीचा, परस्परसारखा दगा देत नाही. दुसऱ्यात "एकमेकांस बांधील" ढिलं आहे, वचन वचनाला बांधील की पक्ष पक्षाला, कळत नाही. "ही वचने एकमेकांच्या मोबदल्यात दिलेली आहेत" असं करा, म्हणजे व्याख्येशी जुळेल. मुळात क्रम दिला असेल तर तोही उतरवा: माल आधी की पैसे आधी, की एकाच वेळी. दिला नसेल तर आपल्या मनाने घालू नका, ते अनुवादकाचं काम नाही. फक्त समासात टीप लिहून विचारा.

आणखी एक. शीर्षकात "म्युच्युअल" आहे का? असेल तर व्याख्यांचं कलम बघा. माहिती देणारा पक्ष आणि घेणारा पक्ष या दोन्ही भूमिका दोघांनाही दिलेल्या हव्यात. पुष्कळदा जुन्या एकतर्फी नमुन्याचं नुसतं शीर्षक बदललेलं असतं आणि आत देणारा म्हणून एकाच कंपनीचं नाव राहतं.

मसुदाकार
शीर्षकात म्युच्युअल आहे. आत देणारा एकच आहे, घेणारा दुसरा. मसुदा टिपेसह परत पाठवतो.

तिरकस_तीन
परस्पर पाठवू नका म्हणजे झालं.